टँकर आला की गेटवेचा कर्नल कोसळतो: ८०२.१५.४ जाळ्यातील दोष शोधण्यासाठी मदत हवी

पाणीमोजणी (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत पाच इमारती आहेत. प्रत्येक इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी यांतील पाण्याची पातळी मोजण्यासाठी आम्ही दहा नोडचे (मोजून माहिती पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांचे) बिनतारी जाळे उभारले आहे. नोड बॅटरीवर चालतात, त्यांच्यावर कॉन्टिकी-एनजी ही छोटी कार्यप्रणाली आहे, आणि ते २.४ गिगाहर्ट्झवर ८०२.१५.४ या कमी विजेच्या बिनतारी पद्धतीने, सिक्स-लो-पॅन (अशा जाळ्यावरून इंटरनेटची पॅकेटे नेण्याची पद्धत) वापरून, गेटवेशी बोलतात. गेटवे म्हणजे पंपघरात ठेवलेला रास्पबेरी पाय ३. त्यावर ६४-बिट लिनक्स ४.१९ कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आहे आणि एसपीआय या जोडमार्गावर एटी८६आरएफ२३३ या रेडिओ चिपचा फलक जोडलेला आहे. हा फलक एका स्थानिक विक्रेत्याकडून घेतला असून त्याच्यासोबत मिळालेला ड्रायव्हर मुख्य कर्नलमधला नाही, वेगळा बांधलेला आहे.

अडचण अशी की हा गेटवे आठवड्यातून तीन-चार वेळा कोसळतो. हार्डवेअर वॉचडॉग सुमारे १५ सेकंदांत त्याला पुन्हा सुरू करतो, त्यामुळे पहिले तीन महिने कोणाच्या लक्षातच आले नाही. आलेखात मधेच खाचा दिसत होत्या आणि आम्ही त्या रेंजच्या खात्यावर टाकत होतो. मागच्या आठवड्यात तपकीर गल्लीतून यूएसबी-टीटीएल केबल आणून सीरियल कन्सोल जोडला, तेव्हा तीन वेळचा पूर्ण मजकूर हाती लागला. तिन्ही वेळा शेवटची ओळ सारखीच आहे, 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग'. वरचा माग (कोसळताना चालू असलेल्या फलनांची यादी) मात्र दर वेळी वेगळा. एकदा तो ईथरनेटचे पॅकेट स्वीकारताना स्मृती मागण्याच्या फलनात थांबला, दुसऱ्यांदा एक्स्ट-४ या फाइल व्यवस्थेच्या जर्नलमध्ये, आणि तिसऱ्यांदा चक्क एसएसएचच्या सॉकेटमध्ये. रेडिओचे नाव तिन्हींपैकी एकाही मागात नाही. तर मग रेडिओवर संशय घ्यावा की घेऊ नये?

---

पाषाणकर, सोमवार, रात्री ११.१५

तीन वेगवेगळ्या ठिकाणी कोसळणे हे माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचे लक्षण असते. पंपघरात तीन फेजची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जाते, आणि रास्पबेरी पायला ते मुळीच सहन होत नाही. 'व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा देऊन उत्तर काय येते ते पाहा. शून्याखेरीज काहीही आले, तर आधी चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या. एसडी कार्डही जुने असेल तर बदला.

---

पाणीमोजणी, मंगळवार, सकाळी ७.२०

पाषाणकर साहेब, हा संशय आम्हालाही आला होता. उत्तर शून्य येते, आणि मोटर मुद्दाम सहा वेळा चालू-बंद करूनही शून्यच राहिले. गेटवे इन्व्हर्टरवर आहे. कार्ड गेल्या महिन्यात बदलले. त्याने काहीही फरक पडला नाही.

---

शून्यसूचक, मंगळवार, सकाळी ९.०५

तुमच्या तिन्ही मागांच्या वरच्या भागात 'टेन्टेड' या शब्दानंतर जी अक्षरे छापली आहेत, त्यांत 'ओ' आहे का, ते पाहा. असल्यास मुख्य कर्नलच्या झाडाबाहेरचे मॉड्यूल लोड झालेले आहे, असा त्याचा अर्थ. तो गुन्ह्याचा पुरावा होत नाही, पण चौकशी कोणापासून सुरू करायची हे त्यावरून ठरते.

कर्नल एका ठिकाणी खराब होतो आणि भलत्याच ठिकाणी कोसळतो, हे समजून घेणे इथे आवश्यक आहे. समजा, एखाद्या ड्रायव्हरने पॅकेटचा बफर (स्मृतीतली तात्पुरती जागा) एकदा परत केला आणि काही मिलिसेकंदांनी तोच बफर पुन्हा परत केला. त्या क्षणी काहीही होत नाही. स्मृतिवाटपाच्या मोकळ्या यादीत तीच जागा दोनदा नोंदली जाते. पुढे ईथरनेट ती जागा मागून घेतो, पाठोपाठ एसएसएचही तीच जागा मागून घेतो, आणि दोघे एकमेकांच्या माहितीवर लिहू लागतात. मग जो आधी अडखळतो त्याचे नाव मागात येते. बिचारा एक्स्ट-४ तर या भानगडीत नव्हताच.

म्हणून माग वाचण्याआधी स्मृतीवर पहारा बसवा. बूट ओळीत 'स्लब डीबग'चे एफ, झेड, पी आणि यू हे चारही पर्याय द्या. त्यांपैकी 'पी'मुळे परत केलेल्या प्रत्येक जागेत ६बी हा षोडशमान पद्धतीतला ठरावीक आकडा भरला जातो; त्याला 'पॉयझन', म्हणजे विष, म्हणतात. 'यू'मुळे ती जागा कोणी घेतली आणि कोणी परत केली याची नोंद राहते. यंत्र थोडे मंद होईल, पण दहा नोडच्या जाळ्याला ते जाणवणार नाही.

---

पाणीमोजणी, शनिवार, सायंकाळी ६.३०

'ओ' आहे. शून्यसूचक साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे पहारा बसवला आणि चमत्कारिक गोष्ट घडली. मंगळवार दुपारपासून आजपर्यंत गेटवे एकदाही कोसळलेला नाही. परंतु कर्नलच्या नोंदीत चार वेळा एक संदेश आला आहे. तो एसके-बफच्या (कर्नलमधल्या पॅकेटच्या बफरच्या) शीर्षांच्या साठ्याबद्दल आहे आणि त्यात 'पॉयझन ओव्हररिटन' असे म्हटले आहे. चारही वेळा तपशील एकच आहे: पहिल्या चुकीच्या बाइटमध्ये ६बी असायला हवे होते, तिथे ६ए सापडले. बाकीचे सगळे बाइट जागच्या जागी आहेत. जागा शेवटची परत करणारे फलन म्हणून चारही वेळा विक्रेत्याच्या ड्रायव्हरमधल्या टायमरचे नाव आले आहे. एका बाइटमध्ये एकाचाच फरक, हे काय प्रकरण आहे?

---

शून्यसूचक, शनिवार, रात्री ८.१०

यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रत्येक एसके-बफमध्ये त्याला किती जण धरून आहेत याचा एक मोजणीचा आकडा असतो. बफर परत करणारा आधी तो आकडा पाहतो. तो एक असेल तर आकड्याला हातही न लावता सरळ जागा परत करतो. एकापेक्षा जास्त असेल तर त्यातून एक वजा करतो आणि निघून जातो. आता तुमच्या पहाऱ्याखाली काय झाले ते पाहा. टायमरने बफर परत केला आणि त्या जागेत सगळीकडे ६बी भरले गेले. नंतर दुसऱ्याच कोणीतरी तोच बफर पुन्हा परत करायला घेतला. त्याला मोजणीच्या जागी ६बी६बी६बी६बी ही प्रचंड संख्या दिसली, म्हणून त्याने इमानेइतबारे एक वजा केला आणि तो निघून गेला. रास्पबेरी पायवर संख्येचा सर्वांत लहान बाइट आधी ठेवला जातो, त्यामुळे पहिल्याच बाइटमध्ये ६बीचा ६ए झाला. दुसऱ्यांदा परत करणाऱ्याने मागे ठेवलेला ठसा तो हाच.

पहारा असताना गेटवे का कोसळला नाही, याचेही उत्तर यातच आहे. पहारा नसताना परत केलेल्या जागेत मोजणीचा आकडा जुनाच, म्हणजे एक, राहतो. दुसऱ्या परतीला तो एक दिसतो आणि जागा खरोखरच दोनदा परत होते. विष भरल्यामुळे दुसरी परत फुकट गेली, आणि तुमचा गेटवे रोगाच्या तपासणीमुळेच वाचला. आता ही तपासणी कायम चालू ठेवून स्वस्थ बसण्याचा मोह होईल, तो टाळा. दुसरी परत करणारा अजून पडद्याआड आहे. त्याला पकडण्यासाठी केसॅन (स्मृतीचा चुकीचा वापर जागीच पकडणारे कर्नलमधले साधन) चालू करून कर्नल बांधा. तुमच्या पायच्या आर्म ६४ प्रोसेसरवर ते कर्नल ४.४ पासून उपलब्ध आहे. ते स्मृतीचा आठवा हिस्सा स्वतःसाठी घेते, तेवढी सोय ठेवा.

---

पाणीमोजणी, बुधवार, रात्री ९.५०

केसॅनचा कर्नल बांधायला लॅपटॉपवर अर्धा दिवस गेला, पण पहिल्याच रात्री अहवाल मिळाला. जागा पहिल्यांदा परत करणारा तोच टायमर, आणि परत केलेल्या जागेला हात लावणारा त्याच ड्रायव्हरमधला इंटरप्टचा (चिपकडून येणारा इशारा हाताळणारा) धागा. दोघेही 'आय-ट्रिपल-ई ८०२१५४ एक्समिट कम्प्लीट' हेच, पाठवणी झाल्याचे कळवून बफर परत करणारे फलन बोलावतात.

ड्रायव्हर उघडून वाचला. रचना अशी आहे. फ्रेम (एका वेळी हवेत जाणारा माहितीचा तुकडा) चिपमध्ये लिहून प्रक्षेपण सुरू केले की ड्रायव्हर २० मिलिसेकंदांचा टायमर लावतो. त्याआधी चिपचा इंटरप्ट आला तर टायमर रद्द करून 'फ्रेम गेली' असे कळवतो. इंटरप्ट आला नाही तर टायमर स्वतःच 'फ्रेम गेली' असे कळवून मोकळा होतो, म्हणजे रांग अडकून पडत नाही. परंतु टायमरने कळवल्यानंतर उशिरा इंटरप्ट आला तर काय, याचा विचार कुठेही केलेला दिसत नाही. बफरकडे बोट दाखवणारा चलही शून्य केला जात नाही.

माझा प्रश्न असा की २० मिलिसेकंद खरोखर कमी पडतात का? घरी टेबलावर दोन नोड ठेवून दोन दिवस पॅकेटे पाठवली, तर टायमर एकदाही वाजला नाही.

---

आकडेमोड, गुरुवार, सकाळी ८.३०

हा प्रश्न वहीवर सुटण्यासारखा आहे, म्हणून तो सोडवून पाहिला.

२.४ गिगाहर्ट्झवर वेग सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे एका बाइटला ३२ मायक्रोसेकंद. सर्वांत मोठी फ्रेम १२७ बाइटची, तिच्याआधी जाणारे सहा बाइट धरून १३३, म्हणजे ४.२५६ मिलिसेकंद. प्रत्येक प्रयत्नाआधी चिप यादृच्छिक काळ थांबते. पहिल्या खेपेला ० ते ७ एकके, एक एकक ३२० मायक्रोसेकंदांचे, म्हणजे सरासरी १.१२ मिलिसेकंद. मग वाहिनी मोकळी आहे का हे पाहायला ०.१२८, ऐकण्यावरून पाठवण्याकडे दिशा बदलायला ०.१९२, आणि पोच मिळाली नाही तर तिची वाट पाहण्यात ०.८६४. एका अयशस्वी प्रयत्नाची बेरीज ६.५६ मिलिसेकंद होते. एटी८६आरएफ२३३ मध्ये मूळ मांडणीनुसार तीन पुनर्प्रयत्न असतात, म्हणजे एकूण चार प्रयत्न, म्हणजे २६.२४ मिलिसेकंद. समोरचा नोड मुका असेल आणि फ्रेम पूर्ण लांबीची असेल, तर आजूबाजूला एकही वायफाय नसतानाही तुमचा टायमर आधी वाजणार आणि इंटरप्ट सहा मिलिसेकंदांनी मागून येणार.

टेबलावर का वाजला नाही, तर नोड जिवंत होते. पोच पहिल्याच प्रयत्नात येत असेल तर पूर्ण फ्रेमलाही सव्वासहा मिलिसेकंदच लागतात. नोड मुका असला तरी फ्रेम लहान, समजा ४० बाइटची, असेल तर चार प्रयत्नांची बेरीज सुमारे १५.१ मिलिसेकंद होते, म्हणजे तीही वीसच्या आत. दोष दिसण्यासाठी लांब फ्रेम आणि न बोलणारा नोड हे दोन्ही एकाच वेळी लागतात.

वायफायचा गोंगाट असेल तर प्रकरण आणखी वाढते. वाहिनी व्यग्र सापडली की थांबण्याची मर्यादा ७ वरून १५, मग ३१, ३१, ३१ एकके होते. सगळी एकके कमाल धरली तर ११५, म्हणजे ३६.८ मिलिसेकंद फक्त थांबण्यात. पाच तपासण्या, फ्रेम आणि पोच यांचा वेळ मिळवून एका प्रयत्नाचे ४२.७५, आणि चार प्रयत्नांचे १७१ मिलिसेकंद. हा टोकाचा आकडा आहे, तो रोज दिसणार नाही. परंतु टायमर टोकाच्याही पलीकडे असायला हवा. ज्यांनी २० लिहिले, त्यांनी एका यशस्वी फ्रेमचा वेळ मोजून तिप्पट केला असावा, असे मला वाटते.

---

पाषाणकर, गुरुवार, सकाळी १०.००

वीजपुरवठ्याचा माझा तर्क मागे घेतो. ताई, गणित उत्तम मांडले आहे. मात्र एक शंका आहे. टाक्यांमधले नोड स्वतःहून माहिती पाठवतात, गेटवे त्यांना लांब फ्रेम कशाला पाठवेल?

---

पाणीमोजणी, गुरुवार, रात्री ११.२५

पाषाणकर साहेबांच्या या शंकेनेच गाठ सुटली. एरवी गेटवे नोडला केवळ छोट्या पोचा पाठवतो. लांब संदेश फक्त एका प्रसंगी जातो. १०,००० लिटरचा टँकर आत आला की सुरक्षारक्षक फोनवरचे बटण दाबतो, आणि मग गेटवे त्या टाकीच्या नोडला 'दर पाच सेकंदांनी मोज' असा आदेश व त्यासोबत खोलीवरून लिटर काढण्याचा तक्ता पाठवतो. तक्ता दोनशे बाइटच्या वर आहे. सिक्स-लो-पॅन त्याचे तुकडे करते आणि पहिले तुकडे जवळजवळ पूर्ण लांबीचे असतात.

आज संध्याकाळी फाटकावरची नोंदवही मागून घेतली. सीरियल कन्सोल जोडल्यापासून गेटवे ज्या वेळांना कोसळला आणि पहारा बसवल्यानंतर ज्या वेळांना संदेश आले, त्या वेळा आणि टँकरच्या आगमनाच्या वेळा शेजारी-शेजारी लिहिल्या. सातपैकी सहा वेळा जुळल्या, तेही दोन-तीन मिनिटांच्या आत. टँकर उभा राहतो तो जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला लागून, म्हणजे नोडचा अँटेना आणि पंपघर यांच्या बरोबर मध्ये. बारा सेंटिमीटरच्या लहरीसमोर एवढी मोठी लोखंडी टाकी आडवी आली की नोड आहे तिथेच असून मुका होतो. त्याच क्षणी आम्ही त्याला सर्वांत लांब संदेश पाठवतो.

राहिलेली सातवी वेळ पहाटे ३ ची आहे. तेव्हा टँकर नव्हता, पण रात्री सगळ्या नोडना तक्ता पुन्हा पाठवला जातो आणि त्या रात्री डी इमारतीच्या गच्चीवरच्या नोडची बॅटरी संपलेली होती.

सोसायटीच्या सभेत दोन सभासदांनी टँकरवाला काहीतरी यंत्र बसवून मोजणी बंद पाडतो असा आरोप आधीच केला होता. त्याची क्षमा कोणत्या शब्दांत मागावी, हे मला अजून सुचलेले नाही.

---

आकडेमोड, शुक्रवार, सकाळी ७.४५

मग आता टेबलावरच प्रयोग करून खात्री करून घ्या. एका नोडची बॅटरी काढा आणि त्याला ३०० बाइटचा पिंग (चाचणीचा संदेश) पाठवा. मात्र एक काळजी घ्या. नोड मुका झाल्यावर कर्नल शेजाऱ्याचा पत्ता विचारू लागतो. तो प्रश्न मल्टिकास्टने (अनेकांना एकदम) जातो आणि त्याला पोच लागत नाही, त्यामुळे प्रयोग फसेल. शेजाऱ्यांच्या तक्त्यात त्या नोडची नोंद 'पर्मनंट' म्हणून आधी हाताने घालून ठेवा, म्हणजे पिंग थेट त्याच्या पत्त्यावर जाईल.

---

पाणीमोजणी, शनिवार, दुपारी १.१०

प्रयोग केला. सुरुवातीला बॅटरी न काढता नोड पिठाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून पाहिला, पण झाकणाच्या फटीतून पोच येतच राहिली आणि डबा घरच्यांना लगेच परत हवा होता. बॅटरी काढल्यावर ३०० बाइटच्या पिंगने केसॅनचा अहवाल पहिल्या मिनिटातच आला. १० बाइटच्या पिंगने अर्धा तास वाट पाहूनही काही झाले नाही. टायमर २० वरून ५०० मिलिसेकंद केला, तेव्हा मोठ्या पिंगनेही काही झाले नाही.

दुरुस्ती म्हणून मी दोन गोष्टी करणार आहे. टायमर २५० मिलिसेकंदांचा करायचा, आणि बफरचा चल 'एक्सचेंज' वापरून एकाच अविभाज्य कृतीत वाचायचा व शून्य करायचा, म्हणजे टायमर आणि इंटरप्ट यांपैकी ज्याच्या हाती बफर आधी लागेल तोच तो परत करील. एवढे पुरेल ना?

---

शून्यसूचक, शनिवार, दुपारी ३.३०

पुरणार नाही. इथेच अनेक जण चुकतात, म्हणून हा प्रसंग सावकाश पाहा.

टायमर वाजला, त्याने बफर हस्तगत केला आणि 'फ्रेम गेली' असे कळवले. कळवताच रांग मोकळी होते आणि वरचा थर लगेच पुढची फ्रेम पाठवतो. तिचा बफर आता त्याच चलात येऊन बसतो. एवढ्यात आधीच्या फ्रेमचा उशिरा आलेला इंटरप्ट त्या चलाकडे पाहतो. तिथे बफर आहे! तो बफर नव्या फ्रेमचा आहे हे त्याला कळायचा मार्गच नाही. तो त्याला परत करून टाकतो, आणि त्याच वेळी एसपीआय त्याच जागेतून माहिती वाचत असतो. दोनदा परत करण्याचा दोष गेला, पण परत केलेली जागा वापरण्याचा दोष आला. हा अधिक वाईट, कारण तो क्वचितच दिसतो.

टायमर वाजल्यावर क्रम असा हवा. आधी इंटरप्ट बंद करून त्याचा चालू धागा संपेपर्यंत थांबायचे. मग चिपला 'फोर्स टीआरएक्स ऑफ' ही आज्ञा देऊन तिचे प्रक्षेपण खरोखर थांबवायचे आणि चिपमधले इंटरप्टचे रजिस्टर वाचून ते रिकामे करायचे. त्यानंतर बफर परत करायचा, आणि सर्वांत शेवटी इंटरप्ट पुन्हा चालू करायचा. यातील एसपीआयचा संवाद झोपू शकतो, म्हणजे मधेच वाट पाहत थांबू शकतो. टायमरचे फलन मात्र अशा संदर्भात चालते जिथे झोपायला मनाई आहे. तिथेच 'एसपीआय सिंक' बोलावलात तर 'शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' हा नवा पाहुणा घरी येईल. म्हणून टायमरने फक्त काम वर्क-क्यूवर (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाकावे आणि सगळी आवराआवर तिथे व्हावी.

तुमचा 'एक्सचेंज' राहू द्या, तो उपयोगीच आहे. पण तो कुलूप आहे, भिंत नव्हे.

आणि एक प्रश्न. मुख्य कर्नलमधला एटी८६आरएफ२३० हा ड्रायव्हर तुमची २३३ चिपही चालवतो, आणि रास्पबेरी पायसाठी तयार ओव्हरलेही (जोडणीचे वर्णन देणारी फाइल) आहे. मग हा बाहेरचा ड्रायव्हर हवाच कशाला?

---

पाणीमोजणी, शनिवार, रात्री ९.००

विक्रेत्याने चिपच्या पुढे एक प्रवर्धक बसवला आहे आणि त्याचे पाठवा-ऐका हे बटण पायच्या एका वेगळ्या जीपीआयओ पिनवर आहे. ते फिरवण्यासाठी हा ड्रायव्हर लिहिला गेला. आपण म्हणता तो क्रम मी तसाच लिहून काढतो. चूक झाली तर इथेच सांगेन.

---

पाणीमोजणी, तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.००

नवा ड्रायव्हर लावून १९ दिवस झाले. या काळात नोंदवहीत ३१ टँकर आहेत, गेटवे एकदाही कोसळलेला नाही आणि पहाऱ्याचा एकही संदेश नाही. २५० मिलिसेकंदांचा टायमर दोनदा वाजला. दोन्ही वेळा चिप थांबली, रांग पुढे सरकली आणि कोणालाही काही कळले नाही. पंपघरातला अँटेना चार फूट वर नेऊन झाकणाच्या दुसऱ्या बाजूला लावल्यापासून टँकर उभा असतानाही नोड बोलतो.

वाहिनीही बदलली. आधी १८ होती, म्हणजे २४४० मेगाहर्ट्झ, वायफायच्या ६ क्रमांकाच्या पोटात. आता २६ आहे. सुधारलेला ड्रायव्हर विक्रेत्याला पाठवला आहे.

---

मुळामुठा, रविवार, दुपारी ४.१५

हा धागा उशिरा वाचला. त्याच विक्रेत्याचा ८६५ मेगाहर्ट्झचा फलक मी पुरंदर तालुक्यातील शेतावर मातीचा ओलावा मोजण्यासाठी घेतला आहे. चिप एटी८६आरएफ२१२ आहे. ड्रायव्हरची फाइल नावासकट तीच दिसते आणि टायमरही तोच, २० मिलिसेकंदांचा. अंतर जास्त मिळावे म्हणून मी २० किलोबिटचा वेग निवडला आहे. मलाही धोका आहे का?

---

आकडेमोड, रविवार, सायंकाळी ५.००

२० किलोबिटला एका बाइटसाठी ४०० मायक्रोसेकंद लागतात. पूर्ण फ्रेमचे १३३ बाइट म्हणजे ५३.२ मिलिसेकंद. थांबणे, तपासणे, पोच यांचा वेळ बाजूलाच ठेवला, तरी २० मिलिसेकंदांत हवेत केवळ ५० बाइट जातात. नोड जिवंत असो वा मुका, मध्यम लांबीच्या प्रत्येक फ्रेमला तुमचा टायमर आधी वाजणार.

---

मुळामुठा, रविवार, सायंकाळी ५.२०

आता समजले. तो फलक दोन मिनिटांपेक्षा जास्त कधी चाललाच नाही, आणि मी गेल्या पावसाळ्यापासून अँटेनाच्या केबली बदलत बसलो आहे. पाणीमोजणी साहेब, सुधारलेली फाइल मलाही पाठवाल का? टायमरचा आकडा मी माझ्या वेगाप्रमाणे पुन्हा मोजून घालीन.